लाइन सस्पेंड केली तरी बिल का येतं? पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी सगळं सविस्तर

काही महिने एखादा मोबाइल नंबर वापरायचा नाहीये, पण सोडायचाही नाहीये, मग आपण काय करतो, कंपनीला सांगून लाइन सस्पेंड करतो. आणि पुढच्या महिन्यात बिल येतंच. मी स्वतः यातून गेलोय. माझी एक जास्तीची लाइन होती, चार महिने लागणार नव्हती, ॲपमध्ये जाऊन बटण दाबलं, स्क्रीनवर सस्पेंडेड असं आलं, मी निवांत झालो आणि चारही महिने पूर्ण भाडं ऑटोपेने खात्यातून जात राहिलं. विचारायला गेलो तर उत्तर मिळालं की तुम्ही फक्त सेवा थांबवली होती, बिलिंग थांबवायचा पर्याय वेगळा होता. नियमात ते लिहिलेलं होतं, पण बटण दाबताना ते कुठे दिसत नव्हतं. म्हणून पहिल्यांदा लाइन सस्पेंड करणाऱ्यांनी हे एकदा शांतपणे वाचा, पैसे वाचतील.

आधी एवढं डोक्यात पक्कं करा की सेवा थांबणं आणि बिल थांबणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कंपनीच्या आत नेटवर्कची सिस्टिम वेगळी असते, तिथे तुमच्या नंबरच्या नोंदीवर खूण होते की ह्याचे कॉल, मेसेज, डेटा जाऊ द्यायचे नाहीत. बिलिंगची सिस्टिम वेगळी, ती दर महिन्याला ठरलेल्या तारखेला उठते आणि खात्यावर जो प्लॅन आहे त्याचं बिल काढते. पहिला खटका बंद केला म्हणून दुसरा आपोआप बंद होत नाही, तो कुणीतरी मुद्दाम बंद करावा लागतो. कस्टमर केअरवाला म्हणतो "हो सर, लाइन बंद केली", तेव्हा तो बहुतेक वेळा पहिल्या खटक्याबद्दलच बोलत असतो.

तुमचं सस्पेंड नेमकं कुठलं आहे ते ओळखा

एकाच शब्दाखाली चार वेगवेगळे प्रकार चालतात.

पहिला म्हणजे बिलिंगसकट सस्पेंड. सेवा बंद, भाडं चालू. फोन हरवला, चोरीला गेला, कुणी गैरवापर करेल अशी भीती आहे अशा वेळी घाईघाईत जे सस्पेंड होतं ते बऱ्याच ठिकाणी हेच असतं, कारण हेतू नंबर सुरक्षित करायचा असतो, पैसे वाचवायचा नसतो. ॲपमधलं सोपं बटणही पुष्कळदा हेच करतं.

दुसरा म्हणजे बिलिंगशिवाय किंवा कमी बिलावर सस्पेंड. भारतात पोस्टपेडवाले ह्याला सेफ कस्टडी म्हणतात, काही देशांत सीझनल किंवा व्हेकेशन सस्पेन्शन म्हणतात. ह्यात नेहमीच्या भाड्याऐवजी एक छोटी रक्कम लागते, क्वचित काहीच लागत नाही. पण हे ॲपमध्ये मिळेलच असं नाही, कॉल करून किंवा अर्ज देऊन मागावं लागतं, आणि खात्यावर थकबाकी असेल तर मिळत नाही.

तिसरा, कंपनीने स्वतःहून केलेलं सस्पेंड, म्हणजे बिल थकलं म्हणून. ह्याच्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय कारण त्यात लोक सगळ्यात जास्त अडकतात.

चौथा प्रकार खरं तर सस्पेंड नाहीच, तो आपला समज असतो. सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवलं, फोन स्विच ऑफ केला, ईसिम (फोनमध्येच असलेलं डिजिटल सिम) फोनमधून डिलीट केलं, ह्यातल्या कशानेही बिल थांबत नाही. ईसिमचं तर खास सांगतो, फोनमधून प्रोफाइल उडवली तरी कंपनीच्या खात्यावर लाइन जशीच्या तशी चालू असते, उलट परत सुरू करायला नवीन क्यूआर कोड मागायची वेळ येऊ शकते.

प्रीपेडला सस्पेंडचा प्रश्न तसा येत नाही, पैसे आधीच दिलेले असतात, वापरलं नाही तर व्हॅलिडिटी संपते एवढंच. पण तिथे नंबर जायचा धोका असतो. भारतात दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१३ च्या नियमाप्रमाणे प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते, इतर देशांतही अशी काहीतरी मुदत असतेच, आपली किती ती बघून ठेवा.

पायरी १ : बटण दाबायच्या आधी मागचं बिल उघडा

बिलाची पीडीएफ काढा, फक्त एकूण आकडा दाखवणारा मेसेज नको. त्यात एकेक ओळ वाचा आणि स्वतःला विचारा की लाइन बंद झाली की ही ओळ थांबेल का.

प्लॅनचं भाडं थांबू शकतं. फोनचा हप्ता थांबत नाही, कारण ते कर्ज आहे, तुम्ही फोन घेतलाय आणि त्याचे पैसे फेडताय, लाइन चालू आहे की नाही ह्याच्याशी त्याचा संबंध नाही. फोनवर दर महिन्याला जी सूट क्रेडिट म्हणून मिळत असते ती मात्र लाइन चालू असण्यावर अवलंबून असू शकते, म्हणजे हप्ता पूर्ण आणि सूट गायब अशी वेळ येते, हे आधी विचाराच. फोनचा विमा चालू राहतो, आणि हरवलेल्या फोनचा क्लेम करायचा असेल तर तो मध्येच बंद करूही नका. ओटीटी, गेम, क्लाउड स्टोरेज असलं जे काही मोबाइल बिलातून कापलं जातं ते वेगळ्या कराराने चालतं, लाइन सस्पेंड झाली म्हणून ते सबस्क्रिप्शन रद्द होत नाही, एकेक करून स्वतः बंद करावं लागतं.

स्मार्टवॉच किंवा टॅबलेटची वेगळी लाइन असेल तर तीही तपासा. मुख्य नंबर सस्पेंड केला आणि घड्याळाची लाइन तशीच राहिली असं होतं, घड्याळाच्या लाइनचा स्वतंत्र नंबर असतो हेच पुष्कळांना माहीत नसतं.

फॅमिली प्लॅनमध्ये तर अजून सांभाळून. जितक्या लाइन जास्त तितका प्रत्येक लाइनचा दर कमी, असा हिशोब असेल तर एक लाइन सस्पेंड केल्यावर बाकीच्यांचा दर वाढू शकतो, आणि मग एकाचं वाचवलं ते दुसऱ्याकडून गेलं. मुख्य लाइन सस्पेंड करायची असेल तर बाकीच्या लाइन्सचं काय होतं तेही विचारा, काही कंपन्या मुख्य लाइन एकटी सस्पेंड करूच देत नाहीत.

पायरी २ : हे प्रश्न विचारा, आणि उत्तर लेखी घ्या

कस्टमर केअरला कॉल करून "लाइन सस्पेंड करा" एवढंच म्हणू नका. असं म्हणा: "मला ह्या तारखेपासून त्या तारखेपर्यंत लाइन सस्पेंड करायची आहे, त्या काळात माझ्या बिलात कुठल्या कुठल्या ओळी येतील आणि किती रकमेच्या?" हा प्रश्न विचारला की समोरच्याला खातं उघडून बघावंच लागतं.

मग पुढचं. जास्तीत जास्त किती दिवस ठेवता येतं? मुदत बहुतेक ठिकाणी ठरलेली असते, ३० दिवस, ९० दिवस, सहा महिने, कंपनीप्रमाणे वेगळी, वर्षातून किती वेळा करता येतं ह्यालाही मर्यादा असते. मुदत संपल्यावर काय होतं हे त्याहून महत्त्वाचं, कारण इथे दोन अगदी उलट गोष्टी होऊ शकतात: एक तर लाइन आपोआप चालू होऊन पूर्ण भाडं सुरू होतं आणि तुम्हाला कळतही नाही, कारण त्याचा मेसेज त्याच बंद ठेवलेल्या नंबरवर गेलेला असतो, किंवा लाइन कायमची तुटते आणि नंबर जातो. तुमच्याकडे ह्यातलं कुठलं होतं ते विचारा.

सुरू करायची फी आहे का, आणि बंद करायचीही आहे का? कराराची तारीख पुढे जाते का? २४ महिन्यांचा करार आहे आणि तुम्ही ३ महिने बिलिंग थांबवून लाइन बंद ठेवली तर अनेक कंपन्या ते ३ महिने शेवटी जोडतात, म्हणजे सुटका २७ व्या महिन्यानंतर. बिलिंगसकट सस्पेंडमध्ये तुम्ही पैसे भरतच असता म्हणून ते दिवस सहसा करारात धरले जातात. शेवटी, परत आल्यावर हाच प्लॅन मिळेल का ते विचारा. जुना, आता विक्रीत नसलेला स्वस्त प्लॅन असेल तर हे सगळ्यात आधी विचारा.

कॉलवर उत्तरं मिळाली तर रेफरन्स नंबर, तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव लिहून ठेवा. त्याहून बरं म्हणजे चॅट किंवा ईमेलवर विचारा आणि स्क्रीनशॉट काढून ठेवा. पुढे भांडायची वेळ आली तर हाच कागद उपयोगी पडतो, "मला फोनवर सांगितलं होतं" ह्याला तिथे कुणी विचारत नाही.

पायरी ३ : हिशोब मांडा, मगच ठरवा

कळायला सोपं जावं म्हणून मनाचे आकडे घेतो. प्लॅनचं भाडं महिना ६००, फोनचा हप्ता ९००, सस्पेंडची फी महिना १००, परत सुरू करायचे १५०. तीन महिने बंद ठेवायचं आहे. काहीच केलं नाही तर ४५०० जातील. कमी बिलावर सस्पेंड केलं तर महिन्याचे १००० प्रमाणे ३००० आणि वर १५०, म्हणजे ३१५०, वाचले १३५०. बिलिंगसकट सस्पेंड केलं तर ४५०० च जातील, सेवा नाही आणि बचतही नाही.

आता तिसरा मार्ग, ह्याच कंपनीच्या सगळ्यात स्वस्त प्लॅनवर उतरायचं, समजा तो १५० चा आहे. तीन महिन्यांचे ४५० आणि हप्ते २७००, एकूण ३१५०. सस्पेंडइतकेच पैसे, पण लाइन चालू, ओटीपी येतोय, करार पुढे सरकतोय. मला विचाराल तर अशा वेळी स्वस्त प्लॅनच घ्यावा. सस्पेंड तेव्हाच करा जेव्हा फरक खरंच मोठा असेल आणि त्या नंबरवर काही येण्याची गरज नसेल. महिन्याच्या आतल्या कामासाठी तर नकोच, फी आणि मनस्ताप धरला तर हातात काही उरत नाही.

पायरी ४ : तारीख निवडताना बिलिंग सायकल बघा

पोस्टपेडमध्ये भाडं बऱ्याचदा पुढच्या महिन्याचं आधीच लावलेलं असतं. म्हणून सायकलच्या, म्हणजे एका बिलाच्या तारखेपासून पुढच्या बिलापर्यंतच्या महिन्याच्या, मध्ये सस्पेंड केलं तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत यायला हवेत, दिवसांच्या हिशोबाने. वरचेच आकडे घ्या, ३० दिवसांची सायकल, तुम्ही ११ तारखेपासून सस्पेंड केलं, २० दिवस उरले, म्हणजे ४०० चं क्रेडिट. पुढच्या बिलात सस्पेंड फी १००, हप्ता ९००, वजा ४००, एकूण ६००. आता बघा, हा आकडा तुमच्या महिन्याच्या भाड्याइतकाच आला, त्यामुळे नुसता एकूण आकडा बघणाऱ्याला वाटणार की कंपनीने पूर्ण भाडं लावलं आणि हप्ता लावलाच नाही, आणि तो चुकीच्या गोष्टीवरून भांडत बसणार. म्हणून म्हणतो ओळी वाचा.

आणि काही कंपन्या असं क्रेडिट देतच नाहीत, सायकल सुरू झाली की पूर्ण महिन्याचे पैसे. तुमची तशी असेल तर सायकलच्या शेवटच्या दिवशी सस्पेंड लागू होईल अशी विनंती एक-दोन दिवस आधीच टाका. विनंती टाकली ती तारीख आणि लागू झाली ती तारीख ह्यात फरक असू शकतो, बिलात लागू झालेली तारीखच धरतात.

परदेशात रोमिंग करून आल्यावर लगेच सस्पेंड केलं तर अजून एक गोष्ट लक्षात असू द्या, तिकडच्या नेटवर्ककडून वापराच्या नोंदी उशिरा येऊ शकतात, त्यामुळे लाइन बंद असतानाच्या बिलात जुन्या रोमिंगचे पैसे दिसू शकतात. ती चूक नसते, फक्त वापराची तारीख तपासा.

पायरी ५ : नंबर बंद करायच्या आधी ओटीपीची सोय लावा

हा भाग बिलाचा वाटत नाही, पण सगळ्यात महाग नुकसान इथे होतं. सस्पेंड लाइनवर मेसेज येत नाहीत, म्हणजे बँकेचा ओटीपी नाही, ईमेलचा नाही, सरकारी कामाचाही नाही. बंद करायच्या आधी एक संध्याकाळ बसून कुठल्या कुठल्या खात्यांना हा नंबर जोडलाय त्याची यादी करा, महत्त्वाच्या ठिकाणी दुसरा नंबर टाका किंवा ऑथेंटिकेटर ॲप (मेसेजशिवाय फोनवरच कोड देणारं) लावा. आणि मोबाइल कंपनीच्या स्वतःच्या ॲपचं लॉगिन त्याच नंबरच्या ओटीपीवर असेल तर ते आधी ईमेलवर न्या, नाहीतर लाइन परत चालू करायला आत जायचं आणि आत जायला लाइन चालू हवी असा पेच होतो.

व्हॉट्सॲप सहसा वायफायवर चालू राहतं, पण फोन बदलला किंवा ॲप परत टाकलं की कोड लागणार आणि तो येणार नाही. शिवाय १२० दिवस वापर नसला तर व्हॉट्सॲप सहसा खातंच काढून टाकतं, म्हणून अधूनमधून वायफायवर उघडत जा.

नंबर कायमचा गेला तर तो काही काळाने दुसऱ्याला मिळतो. अमेरिकेत नियम असा आहे की कायमचा तुटलेला नंबर किमान ४५ दिवस तरी कुणाला द्यायचा नाही, पण त्यानंतर देता येतो. प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये अशा परत वाटायला ठेवलेल्या २५९ नंबरांची तपासणी केली, त्यातले १७१ नंबर आधीच्या मालकाच्या कुठल्या ना कुठल्या वेबसाइटवरच्या खात्याला अजून जोडलेले निघाले. नवीन माणसाला तुमचा ओटीपी जातो म्हणजे काय होऊ शकतं ते सांगायला नको. म्हणून सस्पेंडची मुदत संपायच्या १० दिवस आधीचं रिमाइंडर दुसऱ्या फोनवर लावा, आणि ऑटोपेच्या कार्डाची मुदत मधल्या काळात संपत नाहीये ना तेही बघा, १०० रुपयांसारख्या छोट्या फीपायी थकबाकी होऊन नंबर जाणं हे फार वाईट.

बिल थकलं म्हणून कंपनीनेच सस्पेंड केलं असेल तर

इथे समज असा असतो की त्यांनीच लाइन बंद केली, मग आता बिल वाढणार नाही. वाढतं. आधी आउटगोइंग बंद होतं, मग इनकमिंग, शेवटी लाइन तोडतात, आणि तुटेपर्यंतच्या काळात बऱ्याच कंपन्या भाडं लावत राहतात, वर लेट फी. खात्यावर चार लाइन असतील तर चारही बंद होऊ शकतात आणि परत सुरू करायची फी प्रत्येक लाइनला वेगळी लागू शकते. तुटल्यावर फोनचे उरलेले सगळे हप्ते एकदम मागितले जातात आणि वसुलीवाल्यांचे कॉल दुसऱ्या नंबरवर सुरू होतात.

अडचण असेल तर ड्यू डेटच्या आधी फोन करा. पैसे भरायची मुदतवाढ किंवा तुकड्यात भरायची सोय पुष्कळ कंपन्या देतात, पण लाइन बंद झाल्यावर तीच सोय मिळवणं अवघड जातं. थोडे पैसे भरले की लाइन सुरू होईल असंही धरू नका, किती भरल्यावर सुरू होईल तो नेमका आकडा विचारा आणि तेवढाच भरा. वैतागून दुसऱ्या कंपनीत पोर्ट करायचा विचार असेल तर लाइन चालू असतानाच करा, सस्पेंड लाइनचं पोर्टिंग बहुतेक ठिकाणी अडतं आणि तुटलेल्याचं तर होतच नाही. पोर्ट केलं म्हणून जुनं देणं माफ होत नाही हेही लक्षात ठेवा.

फोन हरवला असेल तर लाइन सस्पेंड करणं आणि फोन ब्लॉक करणं ही दोन वेगळी कामं आहेत. लाइन बंद केल्याने सिम निकामी होतं, फोन नाही, तो दुसरं सिम टाकून चालतो. त्यासाठी फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, म्हणजे १५ अंकी आयएमईआय नंबर देऊन फोन वेगळा ब्लॉक करायला सांगावं लागतं. आणि लाइन कायमची बंद करू नका, नवीन सिम त्याच नंबरवर घ्या, एक-दोन दिवसांत काम होतं आणि बिलाचा प्रश्नच उरत नाही. फोन कधी हरवला, कधी कळवलं ह्याची वेळ लिहून ठेवा, मधल्या काळात चोराने केलेल्या कॉलचे पैसे कुणाचे ह्याचा निकाल त्या वेळेवर लागतो.

पायरी ६ : परत सुरू केल्यावर पहिली दोन बिलं नीट बघा

सुरू केल्यावर पहिलं बिल मोठं येतं आणि लोक घाबरतात. वरच्याच आकड्यांनी, २१ तारखेला लाइन सुरू केली तर उरलेल्या १० दिवसांचे २००, पुढच्या महिन्याचे आगाऊ ६००, हप्ता ९०० आणि सुरू करायचे १५०, म्हणजे १८५०. ह्यात काही चुकीचं नाही. चूक शोधायची तर ह्या जागा बघा: सस्पेंड असलेल्या दिवसांचं पूर्ण भाडं लागलंय का, ठरलेलं क्रेडिट आलंय का, प्लॅनचं नाव तेच आहे का, आणि आधी मिळणारी सूट परत सुरू झाली का. ही शेवटची फार वेळा राहून जाते, आणि मागितल्याशिवाय मिळत नाही.

चूक सापडली तर आधी कस्टमर केअरला तक्रार टाकून तक्रार क्रमांक घ्या, पायरी २ मधला स्क्रीनशॉट जोडा आणि मोघम "बिल चुकलंय" न लिहिता असं लिहा की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत लाइन सस्पेंड होती, ह्या ओळीत एवढे जास्त लागले, तेवढे परत करा. वादातली रक्कम सोडून बाकीची वेळेवर भरा, नाहीतर थकबाकी म्हणून लाइन परत बंद होईल. तिथे उत्तर नाही मिळालं तर कंपनीच्या वरच्या पातळीवरच्या अपील विभागाकडे जा, आणि त्यानंतर आपल्या देशात दूरसंचार ग्राहकांच्या तक्रारींसाठी जी अधिकृत यंत्रणा असेल तिच्याकडे. मी माझ्या चार महिन्यांच्या भाड्यासाठी अपील केलं होतं, माझ्याकडे ॲपमधल्या त्या बटणाचा स्क्रीनशॉट होता ज्यात बिलिंग चालू राहील असं कुठेही लिहिलेलं नव्हतं, त्यावर दोन महिन्यांचे पैसे क्रेडिट म्हणून परत मिळाले.